अंड्यात जंत निघाला, पण घाई हंसाच्या पिल्लाची आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एकाच आवारात १४ कोंबड्या, ५ बदकं आणि राजहंसांची एक जोडी आहे. परवा अंडं फोडलं तर आत बोटभर लांब, पिवळट-पांढरा जंत निघाला. त्याच महिन्यात हंसाच्या तीन पिल्लांपैकी दोन गेली. तिसरं खातं, पण अंगी लागत नाही. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की दर तीन महिन्यांनी सगळ्यांच्या पाण्यात जंताचं औषध टाकत जा. तुम्हाला कोणतं औषध, किती आणि कितीदा द्यायचं ते हवंय, आणि अंडी खायची की नाही हेही.

अंड्याचं आधी सांगते, म्हणजे मनावरचा भार उतरेल. तो कोंबडीच्या आतड्यातला मोठा गोल जंत, ॲस्कॅरिडिया गॅली. कोंबडीचं आतडं आणि अंडनलिका दोन्ही शेवटी एकाच दारात उघडतात. एखादा जंत आतड्यातून खाली आला आणि बाहेर पडण्याऐवजी अंडनलिकेत वर चढला, की त्याच्यावरच अंड्याचा पांढरा भाग आणि कवच चढतं. असं क्वचितच घडतं. हा जंत माणसात वाढत नाही. ते अंडं टाकून द्या, बाकीच्या अंड्यांना त्यामुळे काही झालेलं नाही. एवढं मात्र कळलं की निदान एका कोंबडीच्या पोटात गोल जंत भरपूर आहेत. तुमच्या कोंबड्या अंडी देताहेत, तुरे लाल आहेत, खाणं नीट आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे त्यांच्यासाठी आठवडाभर थांबून, तपासणी करून, नीट औषध द्यायला वेळ आहे.

हंसाच्या पिल्लाला तो वेळ नाही. तुमच्या पत्रात अंड्यावर पंधरा ओळी आहेत आणि पिल्लावर दोन, म्हणून आता आधी पिल्लाचं सविस्तर सांगते, मग कोंबड्यांचं.

आज पहिलं काम म्हणजे पिल्लू हातात घ्या आणि छातीवरून बोट फिरवा. मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागतंय आणि दोन्ही बाजूंचं मांस आत बसलंय, असं असेल तर ते बरेच दिवस वाळत आलंय. चोचीच्या आतला भाग आणि पापणीची आतली बाजू बघा. गुलाबीऐवजी फिकट दिसली तर रक्त कमी झालंय. हंसाच्या पिल्लात हे दोन्ही एकत्र दिसलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते गिझर्डच्या जंताचं, ॲमिडोस्टोमम अन्सेरिस. गिझर्ड म्हणजे दाणे आणि गवत भरडणारं जाड मांसल पोट. हा जंत त्या पोटाच्या आतल्या कडक अस्तराखाली शिरून रक्त पितो. पिल्लू खातं, पण खाल्लेलं भरडलंच जात नाही. तुम्ही लिहिलेलं ‘खातं पण अंगी लागत नाही’ हे या आजाराचं जवळजवळ शब्दशः वर्णन आहे. शिक्कामोर्तब अर्थात तपासणीनंतरच.

हा जंत सहज निसटतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे हंसाचं एक मेलेलं पिल्लू आलं. मी सगळी आतडी उभी चिरून, वीत-वीत धुऊन बघितली, काही दिसलं नाही, आणि ‘जंत आढळले नाहीत’ असं लिहून मोकळी झाले. माझ्या वरिष्ठांनी बाजूला ठेवलेलं गिझर्ड उचललं, मधून कापलं आणि आतलं अस्तर नखाने सोललं. निरोगी पक्ष्यात ते अस्तर घट्ट चिकटलेलं असतं, ओढून काढावं लागतं. या पिल्लाचं काळपट, भुसभुशीत झालेलं होतं आणि बोट लावताच सुटून आलं. त्याखाली लालसर दोऱ्यासारखे जंत गुंतून पडले होते, साधारण १ ते २ सेंटिमीटरचे. त्या कळपात आणखी पिल्लं होती आणि माझ्या अहवालावर विसंबून मालकाने औषध थांबवलं असतं. तेव्हापासून गिझर्ड सोलल्याशिवाय मी हंसाचं शवविच्छेदन संपलं असं म्हणत नाही. दुर्दैवाने तुमचं तिसरं पिल्लूही गेलं, तर ते पुरू नका. थंड जागी ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. गिझर्ड उघडून बघा असं स्वतःहून सांगा.

या जंताला मध्ये दुसरा कोणी प्राणी लागत नाही. मोठ्या हंसाच्या विष्ठेतून अंडी पडतात, काही दिवसांत त्यातून अळ्या तयार होतात, त्या ओल्या गवतावर चढतात, पाण्यातही तगतात, आणि पिल्लू ते गवत खातं. मोठे हंस धडधाकट दिसतात, कारण थोडे जंत घेऊन ते वर्षानुवर्षं जगू शकतात. पण पिल्लांच्या गवतात अंडी पेरणारे तेच असतात. म्हणून पिल्लाला आजच त्या गवतावरून उचला. कोरड्या जमिनीवर, स्वच्छ भुशाच्या गादीवर ठेवा, पिल्लांचं चांगलं प्रथिनयुक्त खाद्य आणि खोल भांड्यात पाणी द्या. गवत हवंच असेल तर जिथे हंस कधी चरले नाहीत तिथलं कापून द्या. पिल्लू आणि दोन्ही मोठ्या हंसांची ताजी विष्ठा वेगवेगळ्या डब्यांत घेऊन डॉक्टर गाठा. फेनबेंडाझोल, फ्लुबेंडाझोल किंवा लेव्हामिसोल या जंतावर चालतात. हंसासाठी कोणतं औषध परवानगीचं आहे हे देशागणिक बदलतं, आणि अशक्त पिल्लाची मात्रा त्याच्या त्या दिवसाच्या वजनावर ठरते. म्हणून इथे आकडा लिहीत नाही. पिल्लू बादलीत बसवून, बादलीचं वजन वजा करून तेवढं घरून मोजून न्या. मोठ्या जोडीलाही त्याच वेळी औषध द्यायचं, नाहीतर पुढच्या वर्षीच्या पिल्लांची तीच गत.

आता कोंबड्या. ‘दर तीन महिन्यांनी पाण्यात’ हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण त्यात दोन ठिकाणी गफलत होते. एक, कुठला जंत आहे हे न बघता औषध निवडलं जातं. दोन, ते औषध प्रत्येक पक्ष्याच्या पोटात पोचतं असं गृहीत धरलं जातं. जंताचं औषध लागू पडलं नाही असं सांगत लोक येतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो. ते पोचलेलंच नसतं, किंवा त्या जंतासाठी ते नव्हतंच.

गोल जंताचं चक्र एकदा समजून घेतलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. मादी लहान आतड्यात राहते, ७ ते १२ सेंटिमीटर वाढते आणि भरमसाट अंडी घालते. ती विष्ठेतून जमिनीवर पडतात, पण पडल्या पडल्या लागण करू शकत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली तर दोन-तीन आठवड्यांत आत अळी तयार होते. मग ते अंडं कोंबडीने टिपलं, किंवा ते गिळलेलं गांडूळ टिपलं, की पुढचं चक्र सुरू. पोटात गेलेली अळी काही काळ आतड्याच्या अस्तरात घुसून बसते, पिल्लांना सगळ्यात जास्त त्रास तेव्हा होतो, आणि अंडी पुन्हा विष्ठेत दिसायला साधारण ५ ते ८ आठवडे लागतात. सावलीतल्या ओल्या मातीत ही अंडी वर्षभर आणि त्याहूनही जास्त तग धरतात, नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. कडक ऊन, कोरडेपणा आणि उकळत्या पाण्याची वाफ यांपुढे मात्र ती टिकत नाहीत. तीन महिन्यांपुढच्या कोंबड्यांमध्ये या जंताविरुद्ध बरीच प्रतिकारशक्ती येते. म्हणून तुमच्या मोठ्या कोंबड्या तो जंत बाळगून अंडी देत राहतात, आणि त्याच आवारात सोडलेली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, पंख पाडून, फिकट तुऱ्याने कोपऱ्यात बसते.

कोंबड्यांत मला याहून जास्त धास्ती केसाळ जंताची वाटते, कॅपिलॅरियाची. हा खरोखर केसाएवढा बारीक असतो. काही जाती अन्ननलिकेत आणि अन्नपिशवीत राहतात, काही आतड्यात. काही थेट पसरतात, काहींना गांडूळ लागतं. आतडं चिरून नुसतं बघितलं तर दिसत नाही. अस्तर सुरीने खरवडायचं, काळ्या तळाच्या ट्रेमध्ये पाण्यात सोडायचं आणि ट्रे हलकेच हलवायचा. मग पाण्यात पांढरे केस तरंगताना दिसतात. थोडी संख्या वाढली तरी कोंबडी खंगते, पातळ हगते, अंडी कमी करते. सूक्ष्मदर्शकाखाली याची अंडी लिंबाच्या आकाराची आणि दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखी दिसतात, त्यामुळे विष्ठा तपासणीत ती ओळखू येतात. आणि इथेच तपासणीचा उपयोग आहे. सहज मिळणारं पिपरेझिन फक्त मोठ्या गोल जंतावर काम करतं. केसाळ जंत असलेल्या कळपाला तुम्ही वर्षभर पिपरेझिन देत राहिलात तरी त्या जंताला धक्का लागत नाही.

बाकीचे थोडक्यात. आंधळ्या आतड्यातला (आतड्याला फुटलेल्या, टोक बंद असलेल्या नळीतला) हेटेराकिस हा सेंटिमीटरभराचा जंत कोंबडीला फारसा त्रास देत नाही. पण त्याच्या अंड्यातून ब्लॅकहेड या रोगाचा परजीवी पसरतो आणि टर्कींचा कळप त्यात साफ होऊ शकतो, म्हणून उद्या टर्की आणायचं मनात आलं तर या जमिनीवर आणू नका. श्वासनलिकेतला सिंगॅमस लाल असतो, नर-मादी कायमचे जोडलेले, त्यामुळे इंग्रजी वायसारखे दिसतात. पक्षी मान ताणून, आवाज न करता चोच उघडतो आणि डोकं झटकतो. नुसता उन्हाने धापा टाकणारा पक्षी डोकं असं झटकत नाही. हंस-बदकांत याचा भाऊबंद आहे, सायथोस्टोमा. पट्टकृमीला घरमाशी, मुंगी, भुंगेरा किंवा गोगलगाय असा कोणीतरी मधला लागतोच. विष्ठेवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो. बहुतेक पट्टकृमी मोठ्या पक्ष्याला जड जात नाहीत, आणि पिपरेझिन किंवा लेव्हामिसोल त्यांच्यावर चालत नाही.

बदकं यात सगळ्यात तगडी. कोंबड्यांइतकं त्यांचं जंतांनी बिघडत नाही. पण साचलेल्या पाण्यात गोगलगायी आणि पाणपिसवांसारखे बारीक कवचधारी जीव वाढले की त्यांतून पर्णकृमी, काटेरी डोक्याचे जंत आणि जठरात गाठी करणारे जंत बदकांत येतात. लहान डबकं असेल तर पाणी सारखं बदलत राहणं हे बदकांसाठी कुठल्याही औषधापेक्षा मोलाचं.

आणि एक फरक कृपा करून लक्षात ठेवा. तीन ते सहा आठवड्यांची कोंबडीची पिल्लं फुगून बसली, रक्ताळ हगायला लागली, तर तो बहुधा कॉक्सिडिया. तो एकपेशीय परजीवी आहे, जंत नाही. त्यावर जंताच्या औषधाचा काडीचा उपयोग नसतो आणि दोन दिवस वाया गेले की पिल्लं हातची जातात. तसंच तुरा फिका पडलेली कोंबडी दिसली तर रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या दांड्यांच्या फटी बघा. दिवसा फटीत लपून रात्री रक्त पिणारे लाल माइट तिथे सापडले तर जंताला दोष देऊ नका.

तपासणी कशी करायची ते सांगते, कारण नमुना चुकला तर निकालही चुकतो. रात्री दांडीखाली प्लास्टिक पसरा. सकाळी ताज्या विष्ठेतून निदान दहा वेगवेगळ्या ठिकाणचे वाटाण्याएवढे तुकडे घ्या. त्यात दोन-तीन तरी आंधळ्या आतड्याची विष्ठा असू द्या. ती चिकट, मोहरीच्या चटणीसारखी तपकिरी असते आणि तिच्यावर नेहमीची पांढरी टोपी नसते. लोक ती हगवण समजून घाबरतात, पण ती निरोगी कोंबडीचीच. कोंबड्या, बदकं, हंस यांचे डबे वेगळे आणि त्यावर नाव. फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीपर्यंत प्रयोगशाळेत पोचवा. विष्ठेत दिसणाऱ्या जंतांच्या अंड्यांची संख्या आणि पोटातल्या जंतांची संख्या यांचं गणित सरळ जुळत नाही, आणि कोवळ्या जंतांची अंडी दिसतच नाहीत. म्हणून ‘निगेटिव्ह’ आलं आणि पक्षी खंगतोय, तर आठवड्याने पुन्हा तपासा.

समजा निकालात गोल जंत आणि केसाळ जंत दोन्ही आले. अशा वेळी माझी पसंती फ्लुबेंडाझोल किंवा फेनबेंडाझोलला. फ्लुबेंडाझोल खाद्यातून देतात, एक किलो खाद्यात ३० मिलीग्रॅम औषध या प्रमाणात, सलग ७ दिवस. कोंबड्यांसाठी बनवलेलं पाण्यातलं फेनबेंडाझोल दर किलो वजनाला रोज १ मिलीग्रॅम, सलग ५ दिवस. ‘कोंबड्यांसाठी बनवलेलं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ही दोन्ही औषधं मुळात पाण्यात विरघळत नाहीत. गुरांच्या किंवा कुत्र्यांच्या गोळीची पूड पाण्यात ढवळली तर पाणी दुधासारखं दिसतं आणि आपलं समाधान होतं. तासाभराने भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसलेला असतो. पहिल्या कोंबडीला नुसतं पाणी, आणि तळाला चोच घालणारीला कित्येक पट मात्रा. पाण्यात तरंगून राहील अशा खास पद्धतीने बनवलेलं औषधच पाण्यातून द्यावं.

आता हिशोब. तुमच्या १४ कोंबड्या सरासरी २ किलोच्या धरल्या तर एकूण २८ किलो, म्हणजे रोज २८ मिलीग्रॅम फेनबेंडाझोल. बाजारातलं द्रावण एका मिलीत २०० मिलीग्रॅम असेल तर तुम्हाला रोज लागतील ०.१४ मिली, म्हणजे जेमतेम तीन थेंब. ती बाटली हजारो कोंबड्यांच्या शेडसाठी बनवलेली असते. अंदाजाने टोपणभर ओतलं तर वीस-तीस पट जातं. म्हणून इन्सुलिनच्या किंवा १ मिलीच्या सिरिंजने १ मिली मोजून घ्या, त्यात पाणी घालून १०० मिली करा आणि चांगलं हलवा. आता या पातळ द्रावणाच्या एका मिलीत २ मिलीग्रॅम औषध आहे, आणि रोजची २८ मिलीग्रॅम मात्रा म्हणजे १४ मिली. चूक झाली तरी अर्ध्या मिलीची होईल, वीसपट नाही. रोज ताजं करा, उरलेलं ठेवू नका, आणि आधी पशुवैद्यकाकडून बाटलीवरचं प्रमाण तपासून घ्या, कारण सगळ्या बाटल्या सारख्या नसतात.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण २०० ते २५० मिली पाणी पिते, उन्हाळ्यात बरंच जास्त. औषध दिवसभराच्या सगळ्या पाण्यात घालू नका. सकाळी ते चार-सहा तासांत संपवतील एवढ्याच पाण्यात घाला, संपलं की साधं पाणी. त्या वेळात दुसरं पाणी कुठेच नको. गळका नळ, झाडाच्या मुळाशी साचलेलं पाणी, बदकांचं टब, सगळं बंद. हे जमणार नसेल तर पाण्याचा नाद सोडून खाद्यातून द्या.

खाद्यातून देताना पूड थेट सगळ्या खाद्यात टाकायची नाही. आधी मूठभर खाद्यात मिसळा, मग ते तेवढ्याच दुसऱ्या खाद्यात, मग दुप्पट, असं वाढवत न्या. गोळी-खाद्य असेल तर चमचाभर खाण्याचं तेल चोळून मग पूड घाला, म्हणजे ती दाण्याला चिकटते. नाहीतर कोंबडी दाणे वेचते आणि औषध तळाशी राहतं. त्या सात दिवसांत वरून धान्य, भाज्यांचे देठ, उरलंसुरलं काही नाही. ज्या कोंबडीने निम्मं पोट दुसऱ्या गोष्टीने भरलं तिला निम्मी मात्रा गेली, आणि कमी मात्रेतून वाचलेला जंतच पुढे त्या औषधाला दाद देत नाही. टर्कीतल्या गोल जंतांत फेनबेंडाझोलला अशी प्रतिकारशक्ती आलेली नोंदली गेली आहे. हे उगाच भीती घालायला सांगत नाही.

बदकं आणि हंस यांना पाण्यातून देऊ नका. बदक प्यायलेल्या पाण्यापेक्षा अंगावर आणि जमिनीवर जास्त ओतते, हंस दिवसभर गवतावर असतो. बदकांना सकाळी उपाशीपोटी थोड्या ओलसर भरड्यात द्या, हंसांना एकेकाला तोंडाने. हंस काखेत घ्या, पंख अंगाशी दाबून, डोकं पुढे. सिरिंज चोचीच्या बाजूने आत सरकवा आणि जिभेच्या मुळाच्या पलीकडे, पक्ष्याच्या उजव्या बाजूला न्या. जिभेच्या मुळाशी जी फट उघड-मिट करताना दिसते ती श्वासनलिका, तिच्यात थेंबही जाता कामा नये. एका वेळी एक-दीड मिली, गिळू द्या, मग पुढचं. पहिल्यांदा कुणा जाणत्याकडून समोर बसून शिकून घ्या.

लेव्हामिसोल पाण्यात नीट विरघळतं आणि गोल जंत, गिझर्डचा जंत, श्वासनलिकेतला जंत यांवर चांगलं चालतं. पण कडू असतं, आणि योग्य मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर कमी आहे. वजनं न करता ते कधीच देऊ नये. आयव्हरमेक्टिनचा सल्लाही तुम्हाला मिळेल. कोंबडीच्या मोठ्या गोल जंतावर ते कमजोर पडतं आणि चरबीत विरघळत असल्याने अंड्याच्या बलकात उतरतं, त्यामुळे या कामासाठी मी ते वापरत नाही. पिसं बदलण्याच्या दिवसांत फेनबेंडाझोलही टाळते. मात्रा जास्त झाली तर फुटणारी पिसं वेडीवाकडी येतात. कबुतरं पाळत असाल तर त्यांच्यापासून ते लांबच ठेवा. आणि एखाद्या लहान पक्ष्यात जंत खच्चून भरले असतील तर एकदम मेलेल्या जंतांनी आतडं तुंबू शकतं. पोट फुगलेलं, अगदी मरगळलेलं पिल्लू असेल तर घरी औषध न देता दाखवून घ्या.

अंड्यांचा निर्णय औषधाच्या लेबलावर असतो. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी परवानगी असलेल्या काही फ्लुबेंडाझोल आणि फेनबेंडाझोल उत्पादनांना बऱ्याच देशांत अंडी टाकून द्यायची गरज नसते. ज्या औषधावर अंड्यावरच्या पक्ष्याचा उल्लेखच नाही त्याचं तसं धरू नका. बलक एका दिवसात बनत नाही. शेवटच्या आठ-दहा दिवसांत तो झपाट्याने भरतो, त्यामुळे आज पोटात गेलेलं औषध आठवड्याने घातलेल्या अंड्यातही असू शकतं. अशा औषधासाठी किती दिवस अंडी आणि मांस वापरायचं नाही हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. बदक-हंसांच्या अंड्यांनाही तोच नियम.

लसूण, भोपळ्याच्या बिया, व्हिनेगर यांबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. खायला घालायला हरकत नाही. पण आतड्यात ठाण मांडलेले जंत काढायला मी त्यांच्यावर अवलंबून राहणार नाही, आणि वाळणाऱ्या पिल्लाला तर मुळीच नाही. अ जीवनसत्त्व आणि प्रथिनं पुरेशी मिळणारा पक्षी जंतांना जास्त चांगलं तोंड देतो. पैसे खर्चायचेच असतील तर ते चांगल्या खाद्यावर खर्च करा.

सगळ्यात जास्त मेहनत मात्र मी तुमच्याकडून जमिनीवर करून घेईन. पक्ष्याच्या पोटात औषध एक आठवडा राहतं, जमिनीतली अंडी वर्षभर. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात एक गोष्ट मला खटकली. बदकांचं टब खुराड्याच्या दारासमोर आहे. सगळ्या कोंबड्या दिवसातला बराच वेळ दाराच्या आसपासच्या काही पावलांत घालवतात, म्हणजे सगळ्यात जास्त विष्ठा तिथे पडते. तिथेच बदकं दिवसभर पाणी सांडतात, ऊन-ओल-विष्ठा तिन्ही एकत्र येतात आणि जंताच्या अंड्यांना पिकायला याहून चांगली जागा मिळणार नाही. टब आवाराच्या उताराच्या टोकाला हलवा, खाली खडीचा जाड थर द्या, आणि कोंबड्यांना तिकडे जाता येऊ नये म्हणून कुंपण घाला. दारासमोरची वरची चार-पाच बोटं माती खरवडून काढा आणि कोंबड्या जाणार नाहीत अशा ठिकाणी टाका. तिथे खडी किंवा लाकडाच्या ढलप्या पसरा आणि त्या ठराविक काळाने बदला. सालीच्या तुकड्यांपेक्षा ढलप्या बऱ्या, साल ओली राहिली की बुरशी धरते आणि ती पक्ष्यांच्या फुप्फुसांना वाईट. कोंबड्यांचं पाण्याचं भांडं जाळीच्या चौकटीवर उचलून ठेवा. दाणे जमिनीवर फेकायची सवय सोडा. गवत आखूड ठेवा, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचतं.

आवाराचे निदान दोन भाग करा आणि आळीपाळीने वापरा. दोन महिन्यांच्या विश्रांतीने जमीन शुद्ध होत नाही, पण उन्हाच्या दिवसांत दिलेली विश्रांती अंड्यांची संख्या बरीच खाली आणते. पुढच्या वर्षीची हंसाची पिल्लं मात्र ज्या गवतावर यंदा मोठे हंस चरले त्यावर सोडू नका, त्यांना नवा तुकडा राखून ठेवा. तलंगांनाही मोठ्या कोंबड्यांच्या जुन्या जागेत एकदम घालू नका.

औषध संपल्यावर १० ते १४ दिवसांनी त्याच पद्धतीने पुन्हा विष्ठा तपासा. विष्ठेतली जंतांची अंडी ९० टक्क्यांहून कमी घटली असतील तर आधी मात्रा आणि द्यायची पद्धत तपासा, ती बरोबर निघाली तरच औषध बदलायचा विचार करा. श्वासनलिकेतला जंत निघाला असेल तर साधारण दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, कारण तो तेवढ्यात पुन्हा अंडी घालू लागतो. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी एकदा, आणि पुढे पावसाळी, ओल्या दिवसांच्या आधी आणि नंतर तपासणी केलीत तर कॅलेंडर बघून औषध द्यायची गरज पडणार नाही.

हे सगळं कोंबड्यांसाठी या आठवड्यात करा. हंसाचं पिल्लू आजच न्या, आणि जाताना मोठ्या जोडीची विष्ठा घ्यायला विसरू नका.